बाजेखालची शेगडी

भाटकुंड बंदरात एव्हाना बरंच काही बदललं होतं. होड्या विजेवर चालायला लागल्या होत्या. पापलेटचा लिलाव वाळूत उभं राहून घसा फोडण्याऐवजी फोनच्या पडद्यावर होत होता. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर सायमा मुकादम यांच्याकडे बोटाएवढं एक यंत्र आलं होतं, ते रक्ताच्या एका थेंबावरून माणसाची कुंडली मांडायचं. बदलली नव्हती ती बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी. बंदरातली पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की तिला शेक मिळायचा, आणि तो सुगंधा पावसेच्या हातचा असला तर पोरीने नशीब काढलं असं सगळे म्हणायचे.

सुगंधा धंद्याने मासळीवाली. बंदरावर माल घ्यायचा, बर्फात भरायचा आणि दापोलीच्या बाजारात नेऊन विकायचा, हे तिचं रोजचं काम. पण नाव होतं ते हाताचं. कोमट खोबरेल तेलाने अंग असं रगडायची की बाळंतीण आधी ओरडायची आणि मग झोपायची. त्यानंतर कढत पाण्याचं न्हाणं, पोटाला घट्ट पट्टा, सुंभाच्या बाजेवर पातळ गोधडी, वरून घोंगडी आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा पडला की खोली धुराने भरायची. सुगंधाच्या सगळ्या वैद्यकीत शत्रू एकच होता, तो म्हणजे गारवा. तो हाडात शिरला की बाई जन्माची कामातून गेली, यावर तिचा ठाम विश्वास होता.

त्यामुळे केतकी, तिची एकुलती एक लेक, बाळंत होऊन घरी आली तेव्हा सगळ्यात जास्त पंचाईत झाली ती मोरेश्वरची. मोरेश्वर हा सुगंधाचा नवरा आणि बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. त्याच्या अंगाला गारवा चिकटलेला असतो, असं जाहीर करून सुगंधाने त्याला बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडायला बंदी घातली. त्याने गरम पाण्याने आंघोळ करून पाहिली, कपडे बदलून पाहिले, उन्हात बसून पाहिलं. उपयोग झाला नाही. नात त्याने खिडकीच्या काचेतून पाहिली.

"बघून झालं ना? आता बाजूला व्हा," सुगंधा आतून म्हणाली. "काचेतून पण गार येतं."

केतकी पुण्यात नोकरीला होती, सासरही तिथलंच. लहानपणी ती गुटगुटीत होती आणि मोठेपणीही तशीच राहिली, ही सुगंधाची जुनी तक्रार. मग लग्नाच्या आधीच्या वर्षात पोरगी एकदम सडपातळ झाली. याचं श्रेय सुगंधाने आपल्या कुळथाच्या कढणाला दिलं आणि ते बंदरभर सांगत सुटली. बऱ्याच आयांनी आपापल्या लेकींना कढण पाजलं. पोरींचं वजन होतं तेवढंच राहिलं, पण बोलून कोणी दाखवलं नाही.

खरं काय घडलं होतं ते सुगंधाला ठाऊक नव्हतं. वाचणाऱ्याला मात्र आताच सांगून टाकलेलं बरं.

जठराच्या मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड आपण खाल्लेलं तूप-तेल पचवायला लायपेज नावाचं विकर बनवतं आणि आतड्यात सोडतं. विकराला अक्कल नसते. समोरची चरबी ताटातून आलेली आहे की अंगातली आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून त्याने आतड्याची वाट सोडू नये, ही शरीराची शिस्त. स्वादुपिंडाला सूज आली किंवा त्यात गाठ वाढली तर क्वचित ही शिस्त मोडते. लायपेज रक्तात उतरतं आणि जिथे सापडेल तिथली चरबी पचवायला लागतं. पायांवर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, सांधे सुजतात, हाडांच्या आतला मगजसुद्धा पोखरला जातो. आजार पोटात असतो आणि तक्रार घोट्यात, त्यामुळे पुष्कळदा निदान व्हायलाच उशीर लागतो.

एका कंपनीतल्या शास्त्रज्ञांच्या मनात आलं, की हा आजारच नोकरीला ठेवला तर? त्यांनी स्वादुपिंडाच्या पेशी घेतल्या आणि त्यांना बंद झाकणाचं लायपेज बनवायला शिकवलं. झाकण असेतो ते रक्तात निरुपद्रवीपणे फिरायचं आणि यकृतात नष्ट व्हायचं. झाकण उघडायचं उष्णतेने, साडेचाळीस अंशांच्या वर. काडीपेटीतल्या काडीएवढ्या नळीत या पेशी भरून ती नळी पोटाच्या कातडीखाली बसवायची आणि पोटावर एक ऊबदार पट्टा बांधायचा. जिथे पट्टा तिथेच झाकण उघडणार, तिथलीच चरबी विरघळणार. पुन्हा झाकण लावायची सोय मात्र नव्हती, पण पट्टा रोज थोडाच वेळ बांधायचा असल्याने ती लागलीही नाही. नाव ठेवलं 'शलाका'. चाचण्या थंड देशांत हजारो लोकांवर झाल्या आणि उत्तम झाल्या. एवढा ताप माणसाला सहसा येत नाही, आला तर गोळी घ्यावी, असं माहितीपत्रकात होतं. आणखी एक सूचना होती, 'सौना व वाफेच्या खोल्या टाळाव्यात.'

केतकीने पुण्यात ही नळी गुपचूप बसवून घेताना सौना म्हणजे काय ते शोधून पाहिलं होतं. लाकडी खोलीत उघडे बसलेले गोरे लोक आणि तापलेले दगड, असं चित्र होतं. असल्या खोलीत जायची वेळ आपल्यावर येणार नाही, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. लग्न ठरलं, पट्टा कपाटात गेला. नळी पोटात राहिली, कारण लग्नाच्या गडबडीत काढायची तर घरात कोणाला तरी सांगावं लागलं असतं. तिने ना आईला सांगितलं ना नवऱ्याला.

शेक सुरू झाल्यावर आठवड्याभरात केतकीच्या पोटऱ्यांवर गाठी आल्या.

"आये, हे बघ गो काय आलंय," ती म्हणाली.

सुगंधाने पाय मांडीवर घेतला. सुपारीएवढ्या, लालसर, हात लावला की पोरगी कळवळायची.

"वाताच्या गाठी," सुगंधा म्हणाली. "मला वाटलंच. परवा न्हाणीत अनवाणी गेलीस ना फरशीवर?"

"फरशीनं गाठी येतात?"

"गार फरशीनं येतात. तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांना नाय कळायचं ते."

केतकीचा तळवा आपोआप बेंबीच्या खाली, उजव्या बाजूला गेला. सुगंधाने ते पाहिलं. पोट सैल राहिलंय म्हणून पोरगी कष्टी आहे, असा तिने अर्थ लावला आणि पोटपट्टा आणखी आवळला. शेगडीत निखारे वाढले. गाठींवर एरंडाची पानं तापवून बांधली गेली.

गाठी वाढल्या. मग त्यातली एक फुटली आणि तिच्यातून पू नाही, रक्त नाही, तर दाट तपकिरी तेल आलं. दुसरं कोणी असतं तर चरकलं असतं. सुगंधाला आनंद झाला. इतके दिवस ती या पायांत तेलच तर जिरवत होती.

"बघ, जिरवलेलं तेल वात घेऊन बाहेर पडायला लागलं," तिने बाहेर पडवीत बसलेल्या मोरेश्वरला ऐकू जाईल असं सांगितलं. "आता उतार पडणार."

मोरेश्वर म्हणाला, "डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवूया का?"

"तुम्ही बर्फाचं बघा."

उतार पडला नाही. घोटे सुजले, केतकीला भिंत धरून न्हाणीपर्यंत जावं लागायला लागलं. एका सकाळी बाळाला पाजताना तिच्या उजव्या हाताची बोटं एकाएकी आत वळली आणि चोच केल्यासारखी जुळून ताठ झाली. तिला ती उघडता येईनात. बाळ घसरायला लागलं तेव्हा तिने किंचाळून हाक मारली. सुगंधाने बाळ झेललं. बाळंतवाताने हातपाय वळलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या. त्यातली एक दगावलेलीही तिला आठवत होती.

योगायोगाने त्याच दिवशी डॉक्टर मुकादम बाळाचं वजन करायला आल्या. मूळच्या दाभोळच्या, बोलायला मोकळ्या बाई. बाळाचं वजन चांगलं होतं. मग त्यांची नजर केतकीच्या पायांकडे गेली. त्यांनी बोट टोचून थेंब यंत्रावर घेतला. आकडा पाहिला, यंत्र पुसलं, दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला.

"केतकी, पोटात दुखतं?"

"नाही."

"उलट्या? पाठीत कळ?"

"नाही."

डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं आणि समजावून सांगितलं. स्वादुपिंडातलं विकर रक्तात शिरलंय. असायला हवं त्याच्या कित्येक पट आहे. ते पायातली चरबी पचवतंय, म्हणून गाठी आणि तेल. "आणि चरबी फुटली की तिच्यातून आम्लं सुटतात. ती रक्तातलं कॅल्शियम पकडतात आणि त्याचा चक्क साबण होतो, अंगातल्या अंगात. त्यात तुम्ही दूध पाजताय, कॅल्शियम तिकडेही जातंय. म्हणून बोटं वळली. आत्ता सुई देते, बरं वाटेल."

सुगंधाला यातलं एकच कळलं. "म्हणजे चरबी जातेय? मग ते बरंच की."

"मावशी, तुमच्या टाचेखाली चरबीची गादी आहे म्हणून तुम्ही डोक्यावर पाटी घेऊन चालता. सांध्यात आहे, हाडात आहे, डोळ्यांच्या मागे आहे. ती काय उगीच ठेवलीय होय?" डॉक्टर केतकीकडे वळल्या. "असं होण्याची कारणं थोडीच असतात. स्वादुपिंडाची सूज किंवा गाठ. गाठ साधी असेल किंवा वाईटही असेल. एक विचारते, नीट आठवून सांगा. कधी पोटात काही बसवून घेतलंय का? कसलाही उपचार?"

केतकीने आईकडे पाहिलं. सुगंधा बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही विश्वास होता की लेकीच्या पोटात आपण घातलेल्याशिवाय दुसरं काही गेलेलंच नाही.

"नाही," केतकी म्हणाली.

"मग उद्या सकाळी रत्नागिरी. पोटाचं स्कॅन करायलाच हवं. गाडीचं मी बघते." उठता उठता डॉक्टरांनी बाजेखाली वाकून पाहिलं. "आणि मावशी, शेक बंद."

सुगंधाने मान डोलावली. डॉक्टर शेक बंद म्हणतातच. तिच्या आईच्या काळातले म्हणायचे, तिच्या बाळंतपणातलेही म्हणाले होते. कारण असो नसो, सगळ्यांनी तेच म्हटल्यामुळे ज्या दिवशी खरोखर कारण होतं त्या दिवशीही ते तिच्या कानांवरून गेलं. तिच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, वाईट गाठ. पोरगी उद्या एवढा प्रवास कशी करणार, याची तिला काळजी पडली.

दुपारी केतकीला थंडी भरली. दातावर दात आपटायला लागले.

"आये, गार वाजतंय गो," ती म्हणाली. "काय तरी कर."

हे ऐकल्यावर सुगंधाला डॉक्टरच काय, ब्रह्मदेवाने अडवलं असतं तरी ती थांबली नसती. तिने खिडकीच्या फटीत जुनं लुगडं कोंबलं, दार ओढून घेतलं, शेगडी काठोकाठ भरली. शिवाय दोन विटा लाल तापवून परातीत ठेवल्या, त्यांवर निरगुडीचा पाला टाकला आणि तांब्यातलं पाणी शिंपडलं. चर्र झालं आणि वाफ छताला गेली. घोंगडीखाली केतकीची थंडी हळूहळू निवली. तिला क्षणभर फार बरं वाटलं. सुगंधाने पुन्हा पाणी शिंपडलं.

केतकी मान वळवून विटांकडे बघत राहिली.

"आये, हे कुठं शिकलीस गो?"

"माझी आई करायची. का?"

"तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं. दार लावून घ्यायचं." केतकीला हसू फुटलं आणि तिथेच त्याचं रडं झालं. "मला ह्या खोलीत यायला मनाई हाय गो. लिहून दिलंन होतं मला."

तापात बरळतेय, असं सुगंधाला वाटलं. "कुठल्या खोलीत? तू तुझ्या घरात हायस, बाय."

"ह्याच. शेगडी काढ. माझ्या पोटात एक नळी हाय, बारीक व्हायची. चार वर्षं झाली बसवून. ती गरमीनं चालते. तू जेवढं शेकतेस तेवढं ते आतून खातंय मला." आणि मग, डोळे मिटून, "कढणानं काय झालं नव्हतं, आये."

सुगंधाला नंतर पुष्कळ दिवस याची लाज वाटत राहिली, की इतक्या मोठ्या बोलण्यातला तिला आधी लागला तो कढणाचा शब्द. पण ते निमिषभरच. पुढच्या क्षणी तिने शेगडी बाजेखालून ओढली, दार लाथेने उघडलं आणि निखारे अंगणात नेऊन उलटे केले. विटांची परात मागोमाग गेली. पडवीत बसलेला मोरेश्वर घाबरून उभा राहिला.

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताप किती आहे?"

सुगंधाने तापाची पट्टी कपाळाला लावली आणि आकडा वाचला. चाळीसच्या जरा वर.

"मावशी, नीट ऐका. आतापर्यंत शेक लागला तिथलीच विकराची झाकणं उघडली होती. तिथल्या सुजेने हा ताप चढलाय. आणखी अर्धा अंश चढला तर सगळ्या रक्तातली झाकणं एकदम उघडतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही. गाडी आत्ता सोडते, पण खाडीला वळसा आहे, तासभर तरी लागेल. तोवर अंग गार करा. खिडक्या उघडा, पट्टा सोडा. बर्फ मिळेल का?"

भाटकुंड बंदरात बर्फ मिळेल का, असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता.

सुगंधा फोन धरून उभी राहिली. ती घाबरली होती. मासळी हातात घ्यायला लागल्यापासून ती बर्फात हात घालत आली होती, आणि त्या हातांनी तिने बर्फात ठेवलं होतं ते फक्त मेलेलं. बाळंतिणीच्या खोलीत ओलं फडकंसुद्धा न येऊ देणारी बाई ती. आता पोटच्या पोरीला बर्फात घालायचं, आणि पोरगी गेली तर ती आपल्याच हाताने गेली असं होणार. पण शेगडीही तिच्याच हातची होती. ती दाराशी आली.

"अहो, आत या."

मोरेश्वर जागचा हलला नाही. "मी?"

"बर्फ आणा. बारीक फोडलेला. सुरमईच्या मोठ्या पेटीत घाला."

"आत आणू?"

"आत आणा म्हणते ना!" ती ओरडली.

मोरेश्वर धावला. कारखाना हाकेच्या अंतरावर होता. तो आणि त्याचा सोबती पेटी उचलून घेऊन आले. सोबती दाराशीच थांबला. मोरेश्वरने उंबरा ओलांडला आणि लेकीचं तोंड पाहून तो तिथेच बसायला लागला, तर सुगंधाने त्याच्या हातात फावडं दिलं.

पुढचं काम तिच्या हातांना येत होतं. डॉक्टरांनी सांगितलं तसं ओल्या लुगड्याच्या घड्यांत बर्फ बांधून तिने काखेत, मानेच्या दोन्ही बाजूंना, जांघेत लावला. पापलेटचं पोट दबलं की मालाचा भाव उतरतो, म्हणून वजन कुठे द्यायचं नाही ते तिला ठाऊक होतं. त्याच हलक्या हाताने तिने केतकीच्या अंगावर पुरचुंड्या रचल्या. घोंगडी बाहेर गेली. खिडकीतलं लुगडं उपसून काढलं तेव्हा समुद्राचा वारा आत आला आणि सुगंधाच्या अंगावर काटा उभा राहिला.

केतकी हुडहुडत होती, पण शुद्धीत होती.

"कोणासाठी गो केलंस हे?" सुगंधाने विचारलं. तिला रागवायचं होतं, पण तसा आवाज निघेना. "नवऱ्यानं सांगितलंन? सासूनं?"

"ते तर मला ओळखत पण नव्हते तेव्हा."

"मग?"

"तू म्हणायचीस ना. लग्नात, बारशाला, बाजारात, सगळ्यांसमोर. ह्या म्हशीला कोण करील म्हणून. सगळे हसायचे. मी पण हसायची."

सुगंधा आठवायला लागली, पण एकही वेळ तिला आठवेना. इतक्या वेळा म्हटलं असणार की त्यातली एखादी निराळी अशी राहिलीच नव्हती. तिने वितळलेली पुरचुंडी काढली, दुसरी बांधली. मोरेश्वर खाली मान घालून फावड्याने बर्फ पुढे करत होता आणि त्याच्या नाकावरून थेंब गळत होते.

"चुकलं माझं," सुगंधा म्हणाली.

केतकीने पुन्हा वळायला लागलेला आपला हात आईच्या मनगटाला लावला, इतकंच. गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा तापाचा आकडा उतरत चालला होता आणि खोलीभर पाणी झालं होतं.

रत्नागिरीला नळी काढली. रक्त यंत्रातून फिरवून त्यातलं विकर गाळून घेतलं. जीव वाचला, पण विरघळलेलं परत येत नाही. पोटऱ्यांवर खळगे राहिले, हाडांच्या चित्रात मगजाच्या जागी ठिपके दिसले, उजव्या टाचेखालची गादी निम्मी गेली. काठी घेऊन चालावं लागेल, धावणं विसरावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. केतकीचा नवरा नीरज पुण्याहून आला. "मला सांगितलं असतंस तर मी काही म्हटलं असतं का?" असं त्याने विचारलं. केतकी म्हणाली, "काय माहीत." मग तो तिच्या चपलांमध्ये घालायच्या मऊ टाचा आणायला गेला.

डॉक्टर मुकादमांनी कंपनीला सविस्तर कळवलं. कंपनीचं म्हणणं, चाचण्यांमधला एकही माणूस निखाऱ्यांवर झोपलेला नव्हता. ते खरंच होतं. पुढच्या माहितीपत्रकात सौनाच्या शेजारी मराठीत 'शेक-शेगडी' असा शब्द आला. बंदरातल्या बायकांना तो छापील पाहून गंमत वाटली.

सुगंधाने शेक सोडला नाही. लोकांना वाटलं होतं ती सोडेल. पण ती आता बाळंतिणीच्या खोलीत गेली की आधी सगळ्यांना बाहेर काढते. सासूला, आईला, कोणी असो. दार लावून घेते आणि पोरीच्या कानाशी जाऊन विचारते, अंगात काही बसवलंयस का, मी कोणाला सांगायची नाय. आजवर दोघींनी हो म्हटलं. बाहेर येऊन सुगंधाने सांगितलं, हिचं अंग आधीच उष्ण हाय, हिला शेक चालायचा नाय. तिच्या तोंडून आल्यावर कोणी वाद घातला नाही.

नातीचं बारसं लांबलं ते तिसऱ्या महिन्यावर गेलं. घर माणसांनी भरलं होतं. केतकी काठी भिंतीला टेकून पाळण्याशी बसली होती. मोरेश्वर आतल्या खोलीत, अगदी पाळण्याला चिकटून, नातीचा पाय हातात धरून. नीरजची आत्या पुण्याहून आली होती. तिने बाळाला उचललं आणि हातात तोलल्यासारखं केलं.

"अगो बाई, केवढी जाडजूड! मांड्यांना वळ्या बघा. मुलीची जात, आतापासून लक्ष द्यायला हवं हं, केतकी."

सगळे हसले. केतकीही हसली. तिचं ते हसू सुगंधाने पाहिलं, आणि ते आपल्याला फार वर्षांपासून ओळखीचं आहे हे तिला तेव्हा कळलं.

ती पुढे झाली. आत्याबाईंच्या हातातून तिने बाळ घेतलं, मांडीवर आडवं टाकलं आणि मांडीच्या वळीत बोटाने शेजारच्या वाटीतलं तेल फिरवलं.

"असू दे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तिला लागणार हाय ते."